बाजूने कोण

३ नोव्हेंबर १९९८, बिश्केक
ती मिरगुल पुन्हा आली. जुन्या सर्वोच्च सोव्हिएतचा इतिहास लिहितेय. म्हणाली, "आजोबा, तुमच्या वेळचे सभासद आता तिघेच उरलेत. सांगा की काहीतरी." काय सांगू? मी चौथी शिकलेला मेंढपाळ. मेंढपाळांसाठी राखलेल्या जागेवर मला आणून बसवलं. अध्यक्ष विचारायचे, बाजूने कोण – की सभागृहभर हात वर. ठराव कशाचा, हे नंतर शेजाऱ्याला विचारायचं. अकरा वर्षं.

निघताना म्हणाली, त्रेसष्टच्या अधिवेशनाचा फोटो सापडलाय.

४ नोव्हेंबर
त्याच अधिवेशनात जुमादिलला सभासदत्वावरून काढलं. माझ्या बायकोचा, बुबुसाराचा, थोरला भाऊ. बर्फात मेलेली मेंढरं अहवालात जिवंत दाखवलीत, एवढंच तो बोलला होता. मग तुरुंग. तिथेच गेला. मी बायकोला पस्तीस वर्षं सांगतोय – सगळ्यांनी हात वर केला, मी नाही केला. त्या एका गोष्टीवर ती या घरात राहिली.

६ नोव्हेंबर
मिरगुलच्या कचेरीत गेलो. तळलेल्या कणकेच्या बोरसोकची पिशवी दिली. "पोरी, तो फोटो नको छापूस."
"अहो, उलट तुमचाच चेहरा छान आलाय."

९ नोव्हेंबर
फोटो घेऊन मिरगुल घरीच आली! बुबुसाराने चष्मा लावला, फोटोखाली लिहिलेला ठराव वाचला. माझा हात सगळ्यांत ताठ. तिचं बोट तिथे थांबलं, मग पहिल्या रांगेकडे सरकलं. जुमादिल. त्याचाही हात वर – स्वतःलाच काढायच्या ठरावाला.
मी म्हणालो, "बघ, सवयच होती ती. त्यालासुद्धा –"
"त्याचं नाव घेऊ नका."

११ नोव्हेंबर
आज मेंढा कापला. डोकं मानाने घरातल्या सगळ्यांत थोरल्यापुढे, म्हणजे माझ्यापुढे ठेवतात. बुबुसाराने ते मुलापुढे, तालायपुढे ठेवलं. त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही, कान कापून खाल्ला.

१२ नोव्हेंबर
जेवणं झाली. बुबुसाराने चहाची वाटी खाली ठेवली, पाठ ताठ केली.
"या म्हाताऱ्याला वृद्धाश्रमात ठेवायचं. बाजूने कोण?"
तालायचा हात वर गेला. सुनेचा गेला. मग तिचा स्वतःचा.
"एकमताने," ती माझ्याकडे बघत म्हणाली.
तेव्हा मी वर पाहिलं. माझाही हात वर होता.