कँडेसने कातलेली लडी

ईस्ट मेडो, कनेटिकट
सोमवार, ११ सप्टेंबर १७६९

प्रिय असाहेल,

तुझं हार्टफर्डहून आलेलं पत्र शनिवारी मिळालं. तू खुशाल आहेस हे वाचून बरं वाटलं. इथे सगळं ठीक. तांबड्या गाईला कालवड झाली. सफरचंदं यंदा बारकी आहेत, पण रसाळ आहेत. तुझ्या प्रुडन्सचा खोकला उतरलाय, मक्याची पेज आता तिच्या पोटात ठरते.

तुझ्या कोटाचं कापड कुठवर आलं, असं तू विचारलंयस. पुढच्या महिन्यात न्यू हेवनच्या सभेत राजाच्या करांविरुद्ध उभं राहायचं तर अंगावर घरी कातलेलं, घरी विणलेलंच हवं, विलायतेचा एक धागा नको, असं लिहितोस. ते कापड मी मागावरून कापून काढलं. निम्मं झालं होतं. आता ते होणार नाही.

चिडलास ना? चीड. माझ्याहून तू सहा वर्षांनी लहान. आई गेल्यावर तुझे केस मी विंचरले, तुझ्या नाकाचा शेंबूड मी पुसला. आणि बाबा गेल्यापासून तुझ्याच भुवयांकडे बघून तोंड उघडते. आज कागदावर तुझ्या भुवया दिसत नाहीत, म्हणून लिहितेय.

कँडेसला तू विकलंस. पत्रात तू तिचं नावही घेत नाहीस, ‘ते काम मिटलं’ म्हणतोस. ती तुझी मेंढी होती? सात वर्षांचा होतास तेव्हा तुझा ताप उतरेपर्यंत तुला मांडीवर घेऊन कोण बसलं होतं? मला चरखा कोणी शिकवला? मी धागा तोडायचे आणि ती म्हणायची, “हल्डाबाई, ओढू नका. त्याला येऊ द्या.”

आणि बाबांनी जाताना काय सांगितलं होतं? तू बिछान्याच्या डाव्या बाजूला होतास, मी उजव्या. पायाशी कँडेस तस्त धरून उभी. बाबा म्हणाले, “माझ्यामागे कँडेस मोकळी. ऐकलंस, असाहेल?” तू म्हणालास, “हो, बाबा.” आठ वर्षं झाली त्याला. आधी म्हणालास, एवढ्या चादरी विणून होऊ देत. मग तुझ्या नि प्रुडन्सच्या लग्नाचं कापड. मग तुमच्या बाळाची दुपटी. बाळ गेलं, तरी तिचं विणणं काही संपलं नाही.

तू सगळ्यांना सांगत फिरलास, की ती उद्धट झाली, भर लोकांत खोटं बोलली, अशी बाई घरात कशी ठेवायची. बरोबर आहे. खोटं बोलणारी बाई तुझ्या घरात आहेच. पण ती विकली गेली नाही.

जूनमधला तो दिवस आठव. पाद्रीबाबांच्या अंगणात चाळीस चरखे फिरत होते. तुम्ही पुरुषमंडळी कुंपणावर बसून आम्हाला शाबासकी देत होतात. “राजाला म्हणावं, आमच्या बायकांच्या पायात किती जोर आहे बघ!” असं कोणीतरी ओरडलं. तू तर पिंपावर चढून भाषण केलंस, की आम्ही कोणाचे गुलाम म्हणून जन्मलो नाही. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

माझ्या बोटांना दुपारीच चिरा पडल्या. मी जेवणाचं बघायला उठले आणि कँडेसला माझ्या चरख्यावर बसवलं. ऊन कलेपर्यंत ती बसून होती. जवसाचं इतकं बारीक सूत मी जन्मात काढलं नाही. संध्याकाळी पाद्रीबाबांनी ती लडी वर धरली आणि म्हणाले, “आजचं सगळ्यात उत्तम सूत, हल्डा विल्कॉक्स!”

मागून कँडेस म्हणाली, “ती मी कातलीय, पाद्रीबाबा.” ओरडून नाही. कोणी आपली चुकून उचललेली टोपली परत मागावी, तसं.

बायका हसल्या. तू लालबुंद झालास. सगळ्यांसमोर मला विचारलंस, “हल्डा, लडी कोणाची?”

मी म्हणाले, “माझी.”

एवढंच. एक शब्द. तो परत घ्यायला मला तीन आठवडे होते, मी घेतला नाही. तू गाडी जुंपलीस त्या सकाळी माझे हात कोपरापर्यंत पिठात होते. ती दाराशी आली. “हल्डाबाई, सांगा ना त्यांना. तेवढं एक सांगा.” मी आत गेले, असाहेल. आत जाऊन पीठ मळत बसले. गाडीचा आवाज जाईपर्यंत मळत होते.

काल प्रार्थनेच्या वेळी मी सगळ्यांसमोर उभी राहिले आणि हे सांगितलं. पाद्रीबाबा म्हणाले, “हल्डा, एका लडीवरून एवढं?”

“लडीवरून नाही,” मी म्हटलं. “माझ्या खोट्यावरून एक बाई विकली गेली.”

“हे घरातलं आहे. भावाशी बोल. खाली बस.”

मी बसले नाही. पुढची सगळी भजनं उभ्यानेच ऐकली. प्रुडन्सने मान वर केली नाही. बाहेर आल्यावर कोणी माझ्याशी बोललं नाही. फक्त म्हातारी टॅबिथा आली, रागानेच. “मला त्या दिवशीच ठाऊक होतं गं. तुझं सूत मी पाहिलेलं नाही का? मीही गप्प बसले, मेली मी.” मग म्हणाली, “माझी गाडी घे.”

त्या गाडीतून बुधवारी मी न्यू लंडनला जातेय. ज्या कप्तानाला तू तिला दिलंस, त्याचं जहाज ऑक्टोबरात तिला घेऊन दक्षिणेच्या उसाच्या बेटांकडे निघतं. त्याआधी न्यायाधीशापुढे शपथेवर सांगणार आहे, की बाबांनी तिला मोकळं केलं होतं. तो म्हणेल, बाई, हे आणखी कोणी ऐकलं? मी तुझं नाव सांगेन. तेव्हा तू ये. बायबलवर हात ठेव आणि माझ्याकडे बघून सांग, की बाबा काहीच बोलले नाहीत.

कँडेस माझं तोंड बघेल की नाही, माहीत नाही. तिच्या जागी मी असते तर बघितलं नसतं. तरी जाणार आहे.

आलास आणि खरं बोललास, तर बहीण म्हणून भेटेन. नाहीतर तुझ्याविरुद्ध उभी असलेली साक्षीदार,

हल्डा विल्कॉक्स