फुलांच्या झग्यात खडकावर

१४ डिसेंबर १९८२, मंगळवार

उद्या सरहद्दीचं फाटक उघडणार! रेडिओवर तीनदा ऐकलं, तरी शेजारच्या रेमेदियोसला जाऊन विचारलं. "चालत जाणाऱ्यांसाठी उघडणार म्हणजे उघडणार," ती म्हणाली, "आणि तू आधी खाली बस, दम लागलाय तुला."

आमच्या सरकारने ते बंद केल्याला तेरा वर्षं! बंद होण्याआधी अकरा वर्षं मी रोज सकाळी त्या फाटकातून जिब्राल्टरला जायची — एका इंग्रज कप्तानाच्या फरश्या पुसायला. तिथला तो डोंगराएवढा खडक डोक्यावर उभा. एकदाही वर गेले नाही. वेळ कुणाला होता? वरची माकडं पाहिली ती कप्तानाच्या पोस्टकार्डांवर. आता अठ्ठावन्नाची झाले. यावेळी शेंड्यावर जायचं म्हणजे जायचं!

ताई तिकडेच राहते. फुएन्सान्ता — तिकडच्या माणसाशी लग्न करून गेलेली. तेरा वर्षं दर रविवारी आम्ही आपापल्या कुंपणाशी उभ्या राहतो आणि एकमेकींवर ओरडतो. निम्मं वारा नेतो.

एक गोष्ट मात्र आहे. इथे तरी लिहिते. आई ऑगस्टमध्ये गेली आणि ताईला मी अजून सांगितलेलं नाही. तिचा नवरा वारला तेव्हा तिने ते कुंपणावरून ओरडून सांगितलं होतं, सगळ्या गर्दीत — तीनदा, कारण मला ऐकूच येईना. तो तिचा आवाज अजून कानात आहे! मला नाही जमलं. पत्र दोनदा लिहिलं, दोनदा फाडलं. मग दर रविवारी दुखवट्याचे काळे कपडे उतरवायचे, फुलांचा झगा घालायचा आणि ओरडायचं, "आई बरी आहे!"

उद्या काय घालू?

१५ डिसेंबर

गेले! आले! पाय सुजलेत, पण आधी लिहिते.

उजाडताच रांगेत उभी राहिले. पुढचा म्हातारा रडत होता आणि त्याची बायको त्याला दटावत होती, "नाक पूस, फोटो काढतायत!" पलीकडे माणसंच माणसं. त्यात ताई. मी तिला आधी ओळखलंच नाही — कुंपणापलीकडून इतकी मोठी वाटायची, आणि जवळ गेले तर माझ्या खांद्याएवढी! तिने माझे दोन्ही गाल धरले. "ए बये, किती जाड झालीस!" तेरा वर्षांनी पहिलं वाक्य!

फुलांचाच झगा घातला होता. भित्री मी.

वर जाता आलं नाही. पूर्वेचा वारा सुटला की खडकाच्या डोक्यावर ढग बसतो, तसा बसला होता. वर नेणारी केबलगाडी बंद. ताईच्या स्वयंपाकघरात कॉफी घेतली, चार तास बोललो. आईबद्दल तिने एक शब्द विचारला नाही. फाटक उघडलं, घर पंधरा मिनिटांवर, आणि "चल, आईला भेटते" असंही म्हणाली नाही! मला हायसं वाटलं. मग स्वतःची लाज वाटली.

१६ डिसेंबर

ढग.

१७ डिसेंबर

अजून ढग! आमच्या ला लीनेआत लख्ख ऊन, आणि खडक पांढरी टोपी घालून बसलेला. खिडकीतून त्याला शिव्या दिल्या. वर गेले की ताईला आईचं सांगणार. नक्की.

१८ डिसेंबर, शनिवार

गेले शेंड्यावर!! घाईत लिहितेय, अक्षर लागलं नाही तरी चालेल.

गाडी सुटली तशी मी ताईचा दंड धरला. "अगं, सोड, हात काढशील माझा!" खाली घरं काडेपेट्यांएवढी. वर उतरलो तर वारा, आणि सगळीकडे पाणी. समोर आफ्रिका! डोंगर इतके स्वच्छ की त्यांवरच्या घड्या मोजाव्यात. समुद्रपक्षी आमच्या खाली उडत होते — पक्ष्याची पाठ मी जन्मात पहिल्यांदा पाहिली. आणि माकडं! शेपूट नसलेली, कठड्यावर पंचांसारखी बसलेली. एक आई दुसरीच्या पिल्लाच्या उवा काढत होती.

मी नाताळच्या वड्यांची पुडी आणली होती. धीर करून म्हटलं, "ताई, आईबद्दल सांगायचंय—" आणि एक दांडगं माकड थेट माझ्या मांडीवर! पुडी उचलली, माझ्याकडे बघत एक वडी सोलून खाल्ली, कागद परत दिला. मी किंचाळले. ताई हसून हसून कठड्याला टेकली. मीही हसत सुटले, आणि हसता हसता रडायला लागले.

ताई म्हणाली, "मला माहीत आहे."

तिथे नाणं टाकून बघायची दुर्बीण आहे. तिने टाकलं, फिरवली, मला पुढे ढकललं. आमची गच्ची! माझी तार, माझी फुटकी कुंडी!

"रविवारी तुझ्याशी बोलून झालं की मी इथे यायची. आईला खुर्चीत ऊन खाताना बघायची. ऑगस्टात खुर्ची दिसेनाशी झाली. नंतर तारेवर तुझे काळे कपडे. आणि रविवारी तू फुलं लेवून हजर! नाटकी कुठली."

"मग बोलली का नाहीस?"

तिने दुर्बिणीला डोळा लावला. "कुणीतरी आठवड्यातून एकदा 'आई बरी आहे' म्हणायचं. तेवढं ऐकायला मी यायची."

मग आईचं सगळं सांगितलं. शेवटचे दिवस, ताप, ती काय खायला मागायची. ताईने प्रत्येक गोष्ट दोनदा विचारली. माकडं आमच्या आजूबाजूला बसून होती. उतरताना मी खिडकीला नाक लावून होते. भीती गेली कुठे, कळलं नाही.

२५ डिसेंबर

ताईकडे जेवले. कोकरू करपलं. पुन्हा वर जायचा हट्ट धरला — मीच! पण केबलगाडी आज बंद.

४ जानेवारी १९८३

ताई आली. तेरा वर्षांनी ला लीनेआत. आधी कबरीवर गेलो. ती तासभर बोलत होती, हळू आवाजात. मी बाजूला उभी राहिले.

बाहेर पडल्यावर मी तिला फाटकाकडे सोडायला वळले. ती वळली नाही. "आईची खोली रिकामीच आहे ना?" म्हणाली. "मग मला दे. कायमची."

आत पसारा आहे नुसता. पुरे आता लिहिणं, चादरी काढायच्यात!