निळ्या पट्टीचा जोड

खोपोली, शनिवार, १९ नोव्हेंबर १९७७

खाटेखाली सातच्या जागी सहाच जोड. निळ्या पट्टीचे कॅनव्हासचे बूट गायब! मुंबईहून आणलेले, अजून एकदाही न घातलेले.

आई चुलीपुढून शांतपणे म्हणाली, "शिळफाट्याच्या मारुतीबाहेर ठेवून आले. कारखान्यात दोनदा तुझा हात मशीनमधून वाचला. साडेसाती हाय तुला. बूट कुणी नेले की पीडा त्याच्याबरोबर जाते."

नको तेवढं बोललो तिला. तसाच सायकल काढून निघालो. वाटेत ज्याच्या त्याच्या पायांकडे बघत होतो. निळी पट्टी दिसली असती तर काय केलं असतं मी? काढून घेतले असते? पीडेसकट?

पायरीपाशी माझे बूट नव्हते. कडेला फक्त आईच्या चपला होत्या, अंगठा तारेने बांधलेल्या, धुळीने भरलेल्या.

घरी येऊन विचारलं, तर म्हणाली, "गेल्या शनवारी आदी माझ्याच ठेवल्या रं. त्या कुणी नेल्याच नाय. मग तुझे ठेवले."

आठ दिवस ती अनवाणी बाजाराला जातेय, आणि मी रोज संध्याकाळी उंबऱ्यात बसून बूट पुसतोय.