ओटीत घातलेली मुलगी

बाई, तुम्हाला सांगितलेलं आता कुणाच्या कानावर जायचं नाही, म्हणून तुम्हालाच सांगतो. जिवंत माणसांपैकी कुणाला सांगायची मला मुभा नाही. लेकीला नाही, शॉमबर्गला राहणाऱ्या मुलाला नाही, शेजाऱ्यापाजाऱ्यांना तर नाहीच. तुम्हाला जाऊन इतका काळ लोटला की मी आता तुमच्या शेवटच्या वयाच्याही पुढे आलोय. तरी कागदावर ‘बाई’ लिहिलं की पाठ आपोआप ताठ होते आणि अक्षर जरा नीट येतं.

बायको गेल्यावर मी शॉमबर्ग, परदेशातलं आमचं जुनं गाव, सोडलं आणि लेकीकडे राहायला आलो. ती लष्कराच्या एका तळाजवळ राहते आणि तिथेच नोकरी करते. गणवेश घालत नाही, पण तळावर तिला सगळे ओळखतात. कुणा सैनिकावर लैंगिक अत्याचार झाला, तर त्या बाईला किंवा बाप्याला दवाखान्यात, समुपदेशकाकडे, वकिलाकडे नेणं हे तिचं काम. असं घडू नये म्हणून नव्या पोरापोरींचे वर्गही तीच घेते. तिच्याकडे दोन वाटा असतात. एक गुप्त: उपचार मिळतात, आधार मिळतो, वरिष्ठांना नाव कळत नाही. दुसरी उघड: मग चौकशी लागते. कुठली वाट धरायची ते ज्याचं त्याने ठरवायचं, माझी लेक फक्त सोबत चालते. जेवताना तिचा कामाचा फोन वाजला की ती कपडे धुण्याच्या खोलीत जाते, रिकामा ड्रायर सुरू करते आणि मग बोलते. मला ऐकू जाऊ नये म्हणून. घरभर रिकाम्या ड्रायरची घरघर, ताटात निवत चाललेली भाकरी, आणि मी मनातल्या मनात तुमच्या वर्गातली एखादी कविता म्हणत बसलेला. मी कधी विचारलं नाही, तिने कधी सांगितलं नाही.

आता त्या मुलीचं सांगतो. लेकीच्या बालमैत्रिणीची मुलगी, शॉमबर्गलाच वाढलेली. कॉलेज अर्धवट सोडून सैन्यात गेली, म्हणून बाप किती दिवस तिच्याशी बोलला नव्हता. तिची बदली नेमकी आमच्या तळावर झाली आणि त्या घराचा जीव भांड्यात पडला. शॉमबर्गला त्यांच्या बेसमेंटमध्ये निरोपाचं जेवण ठेवलं होतं. सगळे जमले होते. तिच्या आईने सर्वांसमोर मुलीचा हात माझ्या लेकीच्या हातात दिला नि म्हणाली, “हिला तुझ्या ओटीत घातली गं. तिथे तूच तिची आई.” कुणीतरी काका ओरडले, “म्हणजे सैन्यात जाऊनही पोरीची आईपासून सुटका नाही!” सगळे हसले. मुलगीही हसली. माझी लेक म्हणाली, “काही लागलं तर मावशीला सांगायचं. काहीही.” मीही टाळ्या वाजवल्या, बाई. परक्या मुलखात आपण असंच करत आलोय: ज्या गावाला पोर जाईल तिथे एखादी मावशी, एखादे काका शोधायचे आणि निर्धास्त व्हायचं. त्या दिवशी आपण त्या पोरीचं एक दार बंद करतोय हे तिथे एकाच्याही डोक्यात आलं नाही.

रविवारी ती जेवायला यायची. ट्रकची दुरुस्ती करते, नखांत काळं ग्रीस. हात धुऊन माझ्याजवळ बसायची आणि म्हणायची, “आजोबा, ते गाणं म्हणा ना, घोड्यांचं.” गाणं नव्हे गं, कविता, असं मी म्हणायचो नि सुरू करायचो. ती टेबलावर बोटांनी ठेका धरायची. अर्थ निम्मासुद्धा कळत नसे तिला. तुम्ही शिकवलेल्या त्या कवितांमध्ये किती सैनिक होते, आठवतं? सगळे छातीवर वार झेलणारे. शत्रू समोरून यायचा, दूरवरून त्याची धूळ दिसायची. आपल्याच तुकडीतला, रोज सकाळी शेजारी उभा राहणारा शत्रू एकाही कवितेत नव्हता. मी हल्ली सगळ्या कविता मनात उलटसुलट करून पाहतो. एकही कामाची निघत नाही.

मग ती यायची बंद झाली. ड्यूटी आहे, बरं नाही, कंटाळा आलाय. आणि एका दुपारी, लेक कामावर असताना, दारात उभी. तोंड सुकलेलं, अंगात उन्हाळ्यातही जाडा स्वेटर. “मावशी घरी नाही ना?” हे तिचं पहिलं वाक्य. डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी बाजारातून कुणीतरी आणून दिलेली मेथी मी पसरून बसलो होतो. एक जुडी मी तिच्याकडे सरकवली आणि उठून सिंककडे गेलो.

हे तुमच्याकडून आलेलं, बाई. माझे वडील गेले तेव्हा शाळेत आल्या आल्या प्रत्येक जण विचारत होता, कसे गेले, काय झालं होतं. तुम्ही मला तुमच्या घरी घेऊन गेलात, स्वयंपाकघरात पाटावर बसवलंत आणि समोर सोलायला तुरीच्या शेंगांनी भरलेलं सूप ठेवलंत. तुम्ही चुलीकडे तोंड करून होता. मी शेंगा सोलत होतो. बऱ्याच वेळाने माझं मीच बोलायला लागलो, आणि तुम्ही मागे वळूनसुद्धा पाहिलं नाहीत. मान फक्त हलत होती. कुणी बघत नाही म्हटल्यावर किती बोलता येतं, ते मला त्या दिवशी कळलं.

तर ती मेथी निवडत बसते आणि मी सिंककडे तोंड करून कप विसळतो. विसळलेलेच कप पुन्हा विसळतो. मागून आवाज येतो, “आजोबा, माझ्याच युनिटमधला आहे. सीनियर. मी नाही म्हणाले होते. लाऊडली म्हणाले होते.” पुढचं तिने इंग्रजीत सांगितलं. ते मी इथे लिहिणार नाही.

मी वळलो आणि तुमचा धडा विसरलो. एकदम म्हणालो, “बाळा, अगं मावशीचं कामच आहे हे! ती कुणाला सांगत नाही, कायदाच आहे तसा.”

“ऑफिसमध्ये ती कुणाला सांगत नसेल. पण शी इज मावशी! दर शनिवारी मॉमला फोन करते. मॉम विचारणार, कशी आहे माझी बेटी? मावशीचा चेहरा बदलला तरी मॉमला कळेल. आवाजावरून कळतं तिला.”

“दुसरं कुणी असेल तिच्या ऑफिसात.”

“सगळे तिच्याच हाताखाली आहेत, आजोबा. आणि डॅडला कळलं तर तो म्हणेल, मी सांगितलं होतं.” मग हातातली मेथी टाकून उठली. “प्रॉमिस करा, कुणाला नाही.”

मी प्रॉमिस केलं. काय करणार होतो?

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते सांगायला मला शब्द नाहीत, आणि तुम्ही शिकवलेल्या शब्दांवर तर मी आयुष्य काढलं. ती रोज त्या माणसाच्या समोर हजेरीला उभी राहते आहे. जिच्यापाशी उपाय आहे, ती माझ्या शेजारच्या खोलीत झोपते, सकाळी माझ्या चहात आलं किसून घालते, आणि तिला मी एक अक्षर सांगू शकत नाही. त्या पोरीला फोन करावा तर ती उचलत नाही. मी एकदा देवाला, एकदा बुद्धाला, एकदा बायकोच्या फोटोला हात जोडले. माझा कशावरच धड विश्वास नाही, हे तुम्हाला माहीत आहे.

शनिवारी त्या मुलीच्या आईचा फोन आला. लेक कणीक मळत होती, म्हणून स्पीकरवर टाकला. “अगं, आमच्या बाईसाहेब फोनच घेत नाहीत! जरा कान धरून आण तिला घरी. तुझ्या ओटीत घातलीय ना मी!” लेक हसत काहीतरी बोलली, फोन ठेवला आणि माझ्याकडे बघून थांबली. मी मेथी निवडत होतो. पानं कचऱ्याच्या पिशवीत टाकत होतो आणि काड्या भांड्यात.

“बाबा.”

मी भांड्यातल्या काड्या परत वेचायला लागलो.

“बाबा, मला नाव सांगू नका,” ती म्हणाली. पिठाने भरलेले हात तसेच हवेत. “काहीच सांगू नका. मी बोलते, तुम्ही फक्त ऐका. कुणाला माझ्याकडे यायचं नसेल, तर दुसऱ्या तळावर जाता येतं. तिथली बाई वेगळी, दवाखाना वेगळा. मला कधीही कळणार नाही. मी विचारणारही नाही.” तिने फ्रिजवरचा हेल्पलाइनचा नंबर छापलेला लोहचुंबक काढून माझ्यासमोर ठेवला. इतके दिवस त्याच्याखाली आम्ही दुधाची कुपनं अडकवत होतो. मग ती कपडे धुण्याच्या खोलीत गेली. ड्रायर सुरू झाला. या वेळी कुणाचा फोन आलेला नव्हता. रडणं मला ऐकू येऊ नये म्हणून.

पुढच्या शनिवारी तिने मैत्रिणीला सांगून टाकलं, “यापुढे तुझ्या मुलीची खबर माझ्याकडे मागायची नाही. मी देणार नाही. चांगली नाही, वाईट नाही, कुठलीच.” पलीकडून ऐकू आलं, “असं काय गं बोलतेस? परकी झाले का मी?” लेक म्हणाली, “हो म्हण हवं तर.” फोन तिकडून कट झाला. शाळेपासूनची मैत्री आहे ती. पीठ तसंच पडून राहिलं, त्या दिवशी पोळ्या झाल्या नाहीत.

मी त्या मुलीच्या फोनवर निरोप ठेवला: मावशीने तुझ्या आईला असं असं सांगितलंय, आता तुझ्याबद्दल ती काही बोलणार नाही. आणि मेथी आलीय. बस, इतकंच. ती आली. तिच्यासमोर लोहचुंबक ठेवला, दुसऱ्या तळाचं सांगितलं. म्हणालो, मी सोबत येतो.

“यू डोन्ट ड्राइव्ह, आजोबा.”

“तू चालव. मी नुसता बसतो.”

“नुसतं बसून काय करणार?”

“बसणार.”

त्यावर ती हसल्यासारखं करून थांबली. कितीतरी दिवसांनी.

काल गेलो. वाटेत दोन्ही बाजूंना मक्याची शेतं. तिथलं ऑफिस म्हणजे एक बुटकी विटांची इमारत, समोर पार्किंग. इंजिन बंद करून ती कितीतरी वेळ स्टिअरिंग धरून बसली. नखांतलं ग्रीस तिने घासघासून काढलं होतं, बोटं लाल झाली होती. मग दार उघडून निघाली. मी तिच्या पाठीकडे बघत होतो. दारापाशी पोचली, दाराला हात लावला, थांबली आणि वळून परत गाडीकडे यायला लागली.

बाई, इथे तुम्हाला एक सांगायचंय. ती वळली तेव्हा मला हायसं वाटलं. खरंच. वाटलं, चला, नाही जात ती. घरी जाऊ, लेक वरणभात लावेल, रविवारी ही टेबलावर ठेका धरेल. ती आत गेली नाही तर ते झालंच नाही, असं काहीतरी माझ्या म्हाताऱ्या डोक्यात आलं, आणि मी तिच्यासाठी दारसुद्धा उघडलं.

तिने आत वाकून सीटवरची पाण्याची बाटली घेतली. “घसा सुकलाय,” म्हणाली. माझ्या तोंडाकडे एकदा पाहिलं, आणि परत जाऊन आत शिरली. दार तिच्यामागे मिटलं.

आत काय बोलली ते मी विचारलेलं नाही, आणि त्या वेळी मला काय वाटलं ते तिला सांगितलेलं नाही. तुम्हालाही हा कागद कुठे पाठवणार?