तेहतिसावा नंबर

१६ नोव्हेंबर १९६४
सुट्टी संपली. काल मेहकरहून आले. मुक्काम मामांकडेच.
दुसरं वर्ष, सिव्हिल डिप्लोमा. बत्तीस मुलं आणि मी. नंबर आडनावांच्या क्रमाने आहेत. माझं चव्हाण, तरी मी शेवटी, तेहतीस. काळेसर बत्तीसपर्यंत हजेरी घेतात, रजिस्टर मिटतात, मग आठवतं. "हं, आणि मिस." मागून कुणीतरी बारीक आवाज काढून 'येस सर' म्हणतं. हशा. सरही हसतात.
गेल्या वर्षी कान तापायचे. आता तापत नाहीत.

२० नोव्हेंबर
बोर्डावर सर्व्हे कॅम्पची यादी लागली. संग्रामपूरकडे, डोंगराच्या पायथ्याशी, ७ डिसेंबरपासून अकरा दिवस. आठ-आठांच्या चार पार्ट्या. दोनदा वाचली. मी नाही.
सरांना विचारलं. म्हणाले, "तिथं तंबू आहेत. मुलींची सोय नाही. तू इथं ड्रॉइंग हॉलमध्ये ट्रेसिंग कर, कॅम्पचे मार्क मी देऊन टाकीन."
"आणि लेव्हलची दुर्बीण लावायला मी कधी शिकायचं, सर?"
"तुला कुठं रस्ते आखायचेत?"
घरी येऊन जेवले, झोपले.

२१ नोव्हेंबर
मामी म्हणाली, "मार्क देऊन राह्यले ना? मंग काऊन तोंड पाडून बसली?"
तोंड पाडलं नव्हतं. नुसती बसले होते.
वर्गात वेगळंच. फुकटचे मार्क म्हणून सगळे चिडलेत. गावंडे म्हणाला, "आम्ही काटे तुडवायचे अन् मॅडम सावलीत." म्हणजे गेले तरी पंचाईत, नाही गेले तरी.
बाबांना पत्र टाकलं. चारच ओळी.

२७ नोव्हेंबर
बाबा स्वतःच आले. अंगात खात्याचा खाकी कोट. बाबा रस्त्यावर मुकादम आहेत. लहानपणी त्यांच्यासोबत खडीच्या ढिगावर बसून मी ओव्हरसियरची वाट पाहायची. तो आला की सगळे उभे राहायचे. मला ओव्हरसियर व्हायचं हे तिथंच ठरलं. बाबांनी कधी काऊन म्हणून विचारलं नाही.
प्रिन्सिपॉलसाहेबांच्या खोलीत काळेसरही होते. बाबांना कुणी बसा म्हटलं नाही. म्हटलं असतं तरी ते बसले नसते. सर म्हणाले, "तुमच्या मुलीच्या भल्यासाठीच सांगतोय."
बाबा हात जोडून म्हणाले, "साहेब, पोरगी ओव्हरसियर होऊन राह्यली ना? मंग रस्त्यावरच जाईन. घरात कुठी रस्ता असते?"
प्रिन्सिपॉलसाहेबांना हसू आलं. सोबत घरची बाई राहील तर परवानगी. बाबा म्हणाले, माही बहीण जाईन.
बाहेर आल्यावर बाबांनी घाम पुसला. एस.टी. सुटेपर्यंत उभी होते.

८ डिसेंबर, कॅम्प
हिवऱ्याची आत्या आणि मी गावात एका शिक्षकांच्या घरी उतरलोय. सकाळी मैलभर चालत कॅम्पवर. पार्टी नंबर तीन, नववी मी. पार्टीचा प्रमुख गावंडे.
कामं वाटून दिली. दोघं दुर्बिणीवर, बाकीचे साखळी आणि खुंट्या. मला फील्डबुक, म्हणजे मोजणीची वही. "तुहं अक्षर चांगलं आहे." गावंडे दुर्बिणीतून पट्टीवरचे आकडे वाचतो, मी लिहिते. ती उंच पट्टी धरून उभे राहतात ते हुसेनमामू, कॉलेजचे खलाशी, म्हणजे मोजणीतले गडी. वीस वर्षं हेच काम.
आत्या बांधावर बसून वाती वळते. मुलं तिला 'पार्टी नंबर पाच' म्हणतात.

११ डिसेंबर
चार दिवस नुसती लिहिते आहे. लेव्हल मागितली तर म्हणे, स्टँड तुझ्या उंचीला बसत नाही. स्टँडचे पाय खालीवर होतात, हे पहिल्या वर्षाचं पोरही सांगेल. मी पुढचा आकडा लिहिला.
आत्या: "काऊन वं, तुले त्या नळीतून पाहू देत नाहीत काय?"
"देतील."
"कधी?"

१३ डिसेंबर
गोंधळ. सुरू केलं त्याच खुणेच्या दगडावर परत आलो, उंची पहिल्याएवढी यायला हवी. एक फुटाचा फरक. उद्या दुपारी सर वही तपासणार.
गावंडे म्हणाला, "मधल्या पाचसहा ठिकाणी थोडं थोडं वाटून टाक." म्हणजे मी, माझ्या अक्षरात.
"मी आकडे बदलणार नाही."
"सगळे बदलतात बे!"
"मग तू लिही. तुझ्या अक्षरात."
कुणीतरी म्हणालं, बाई आणली की हे असं होते. सरांपर्यंत गेलं. सर म्हणाले, "पार्टीत भांडणं नकोत. म्हणूनच मी नको म्हणत होतो." फरक कशाचा, ते विचारलं नाही.
फरक नेमका एक फूट. थोडं थोडं चुकत गेलं असतं तर असा गोल आकडा आला नसता. कुणीतरी एकाच ठिकाणी चुकीचं वाचलंय.

१४ डिसेंबर
सकाळी सातला पोचले. मुलं चहा घेत होती. हुसेनमामूंना विचारलं, येता का? पट्टी उचलून निघाले. वाटेत म्हणाले, "बेटी, रस्त्याच्या मोरीपाशी गावंडेसाहेब वाचून राह्यले होते तवा बैलगाडी आडवी आली. मले तवाच शक आला होता. पण खलाशाले कोण पुसते?"
लेव्हल मी मांडली. बुडबुडा मध्ये यायला बराच वेळ लागला. दुर्बिणीत सगळं उलटं दिसतं. मामूंचं डोकं खाली, पाय वर, खाली आभाळ.
मोरीपासून दगडापर्यंत पुन्हा सगळं वाचलं. हिशेब जुळवला: मोरीवरचा आकडा पाच फूट नाही, सहा. जुनं पान खोडलं नाही, नवं पान लिहिलं. फरक मिटला.
आत्याने भाकर आणि ठेचा आणला होता. मामू आणि मी बांधावरच जेवलो.
दुपारी सरांनी वही पाहिली. "पार्टी थ्री, शाबास. गावंडे, छान." गावंडेने माझ्याकडे पाहिलं. मग सरांकडे. मग "थँक्यू सर."

१५ डिसेंबर
गावंडे पाण्याच्या पिंपाशी आला. "तुले वाईट वाटलं काय? मी सांगणार होतो सरांले, पण सगळ्यांसमोर..."
पाणी प्याला, गेला.
वाईट वाटलं का, हे मीही स्वतःला विचारून पाहिलं.

६ जानेवारी १९६५
कॅम्पचे मार्क लागले. साठांपैकी गावंडेला बावन्न, पार्टीतल्या बाकीच्यांना पंचेचाळीसच्या आसपास. मला तीस. पुढे शेरा: लेखनकाम.
सरांच्या खोलीत गेले. या वेळी दारात थांबले नाही, टेबलापाशी गेले.
"सर, चूक मी काढली. चौदा तारखेला लेव्हल मी लावली."
"कुणी पाहिलं?"
"हुसेनमामूंनी."
"खलाशाची साक्ष घेऊ मी आता?"
"वहीत पान आहे, सर. तारीख, वेळ, सगळं."
"पान पार्टीचं असतं. आणि तीसमध्ये पास आहेस तू. आणखी काय हवंय?"
मी म्हटलं, "शेरा खोटा आहे. तो खोडा. मार्क तीसच राहू द्या."
सरांनी रजिस्टर पुढं ओढलं. म्हणाले, वर्गात जा.
प्रिन्सिपॉलसाहेबांकडे अर्ज दिला. पोच मागितली. क्लार्कने विचारलं, कशाला? तरी दिली.

१० मार्च
अर्जाचं उत्तर नाही. दोनदा विचारलं. 'विचाराधीन.' हजेरीत सर आता मिससुद्धा म्हणत नाहीत. नुसते वर बघतात, टिक करतात. मागचा बारीक आवाज बंद झालाय. कधी झाला, कळलंच नाही.

१८ जून
पास. तिसरं वर्ष. शेरा तसाच आहे. बाबांना मार्कलिस्ट दाखवली. त्यांनी शेऱ्यावर बोट ठेवून विचारलं, "हे काय?" म्हटलं, छापायची चूक. बाबांनी मान हलवली. पटलं नसावं.

२२ जून
कॉलेजच्या पायऱ्यांवर एक गृहस्थ भेटले. सोबत मुलगी, दोन वेण्या, मॅट्रिक झालेली. नाव शमीम. ऑफिसात त्यांना कुणी सांगितलं, एक मुलगी आहे, तिला विचारा.
म्हणाले, "बेटी, तूच सांग. टाकू काय इचं नाव इथं? त्रास तं नाही ना होणार?"
काय सांगायचं? हो म्हटलं तर नाव घालणार नाहीत. नाही म्हटलं तर खोटं. शेवटी म्हटलं, "मी आहे."
हे उत्तर होतं का, माहीत नाही.
ते फॉर्म आणायला आत गेले. शमीम माझ्याजवळ सरकली. हळूच म्हणाली, "ताई, इथं बायांचं संडास कुठी आहे?"
"नाही. मागच्या गल्लीतून दवाखान्यात जावं लागतं."
"किती वेळ लागते?"
"जाऊन येऊन पंधरा मिनिटं."
"अन् मधली सुट्टी?"
"दहा."
तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. वडील फॉर्म घेऊन आले. तिने तो त्यांच्या हातातून घेतला आणि पायरीवर बसून वाचायला लागली. घंटा झाली. मी वर्गात गेले. खिडकीतून पाहिलं तर अजून वाचतच होती.
फॉर्मची शेवटची तारीख उद्या.