औषध थांबवलेली सकाळ

सर,

आपल्याला जाऊन बारा वर्षे झाली, माझ्या पत्नीला जाऊन सात महिने. आपण असताना आपल्याला पत्र लिहिण्याचा प्रसंग कधी आला नाही, कारण आपण शेजारच्याच टेबलावर असायचात. आज लिहितो आहे ते रागाने. आपल्यावर रागावण्याचे एक कारण या सात महिन्यांत मला सापडले आहे आणि ते माझ्या सोयीचे असल्याने मी ते सोडायला तयार नाही.

बारामतीच्या महाविद्यालयात आपण मला प्राणिशास्त्र शिकवलेत आणि पुढे पुण्याच्या प्रयोगशाळेत मला आपल्या हाताखाली घेतलेत. उंदराच्या मेंदूत एकाच बाजूच्या डोपामिन तयार करणाऱ्या पेशी मारायच्या, म्हणजे त्याला पार्किन्सनसारखा आजार होतो. मग ते डोपामिन झेलणारे रिसेप्टर कसे बदलत जातात, ते स्कॅनरमध्ये पाहायचे, हे आपले काम. स्कॅनच्या आदल्या दिवसापासून औषध बंद, हा आपला पहिला नियम. औषधाने वाढलेले डोपामिन रिसेप्टरवर बसले की खुणेसाठी टोचलेल्या द्रव्याला जागा उरत नाही आणि चित्र खोटे येते. एके सकाळी एका उंदराला पाण्याच्या नळीपर्यंत मानही नेता येत नव्हती. मला ते बघवेना, मी त्याला डोस दिला. दुपारी चित्रे पाहून आपण आवाज चढवला नाहीत. चष्मा पुसत एवढेच म्हणालात, “दया करायची असेल तर घरी करावी. इथे आजार उघडा दिसला पाहिजे.” मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो. ते वाक्य मी वहीत लिहून ठेवले नाही. त्याची गरजच पडली नाही.

आपण निवृत्त होताना मला एक चित्र चौकटीत घालून दिलेत: उंदराच्या मेंदूचा आडवा छेद, एक बाजू मंद, दुसरी झगझगीत. इंदापूरच्या घरी ते मी बैठकीत लावले. माझी पत्नी निरवांगी गावची, सातवी शिकलेली. ती म्हणाली, “कलिंगडाची फोड का लावलीया हितं?” आल्यागेल्यालाही ती तसेच सांगे आणि मी दर वेळी दुरुस्त करी. नंतर भाकरी थापताना तिचा उजवा हात मागे पडू लागला, पार्किन्सनचे निदान झाले, आणि एका दुपारी ती स्वतःच त्या चित्रासमोर उभी राहिली. ही बाजू जास्त का चमकते, तिने विचारले. मी सांगितले की या बाजूला डोपामिन येईनासे झाले, म्हणून पेशींनी ते झेलणारे रिसेप्टर वाढवले. ती म्हणाली, “म्हंजी जेवायला काय न्हाय, आन् ताटं मातुर वाढवून ठिवल्यात.” मी म्हणालो की उपमा शास्त्रीयदृष्ट्या अपुरी आहे. सर, त्या विषयावर आयुष्यभर मी जे वाचले आणि लिहिले, त्यात इतके नेमके काही नव्हते, आणि तिला मी तसे सांगितले नाही.

ती सकाळ मला वर्तमानकाळातच आठवते. बारामतीला महिन्यातून एकदा मेंदूचे डॉक्टर येतात, त्यांच्याकडे जायचे आहे. गोळी घेतली की दोन तास ती बरी चालते, म्हणून डॉक्टरांना तिचा आजार कधी पुरता दिसतच नाही, असे माझे मत आहे. डॉक्टरांनी औषध थांबवायला सांगितलेले नाही. मी त्यांना विचारलेलेही नाही. पायात चप्पल सरकवताना ती म्हणते, “आवं, गोळी ऱ्हायली की.” मी सांगतो, तपासणी झाल्यावर घे. “तवर पाय ऐकत्याल का?” मी म्हणतो, एसटीत बसूनच तर जायचे आहे. गोळ्यांची पट्टी माझ्या शर्टाच्या खिशात आहे.

बारामतीच्या स्थानकावर ती दारापर्यंत येते आणि शेवटच्या पायरीवर तिचे पाय खिळतात. मागे माणसे खोळंबलेली. कंडक्टर म्हणतो, “मावशी, उतरताय का परत नेऊ इंदापूरला?” लोक हसतात, तीही हसते. मी खाली उभा आहे, तिच्यापासून दोन हातांवर. माझे लक्ष मनगटावरच्या घड्याळाकडे आहे. पाय किती सेकंद खिळले, हे डॉक्टरांना नेमके सांगता यावे म्हणून मी मोजतो आहे. एकोणीसपर्यंत मोजले. मग ती पडली.

खुब्याचे हाड मोडले होते. इस्पितळातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारले, सकाळची गोळी दिली होती का. मी म्हणालो, ती घ्यायला विसरली. स्ट्रेचरवरून तिने माझ्याकडे पाहिले, आणि त्या बाईंना सांगितले, “व्हय, माझ्याच ध्यानात ऱ्हायलं न्हाय.” त्यानंतर ती चार महिने अंथरुणावर होती. छाती भरली आणि ती गेली. त्या चार महिन्यांत तिने हा विषय एकदाही काढला नाही, आणि मीही काढला नाही.

म्हणून मला आपण हवे होतात, सर. त्या शिस्तीबद्दल जबाबदार धरण्यासाठी कोणीतरी हवे होते. पण आपला नियम उंदरांपुरता होता, आणि दया घरी करावी हे तर आपणच सांगितले होतेत.

आपल्याला पत्र पोचणार नाही, ही सबब मला चालते. मुलगा पलीकडच्या खोलीतच आहे. काल लोणी देवकरहून त्याच्या कारखान्यातले सहकारी भेटायला आले होते. त्यांना तो सांगत होता की आई त्या दिवशी गोळी घ्यायला विसरली. त्याने दुजोऱ्यासाठी माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, अलीकडे तिचे तसे होत असे.