तोंड झाकलेला राजा

अब्बा, आज त्या चित्राबद्दल लिहायला बसले आहे. तिकडे आखातात, अल गराफाच्या त्या व्हिलातलं, लंडनहून आणलेलं, अडीचशे वर्षं जुनं तैलचित्र. नव्वदचं दशक संपत आलं होतं, मी नववीत होते. प्रवासात चित्राच्या सोनेरी चौकटीचा कोपरा फुटला होता आणि असलं नाजूक सुतारकाम तुमच्याकडेच यायचं. तुम्हाला इंग्रजी वाचता येत नव्हतं, म्हणून त्या शुक्रवारी मला सोबत नेलंत.

तुम्ही कोपऱ्याला सरस लावताय आणि मी चित्रासोबतची पुस्तिका वाचून त्यातली गोष्ट सांगतेय. ग्रीकांचा एक राजा. लढाईला निघालेली त्याची जहाजं वाऱ्यावाचून किनाऱ्यावर अडकलेली. मुलीचा बळी दिला तर देवी वारा सोडेल, असं त्याला सांगतात. मग तो ‘तुझं लग्न ठरलंय’ असा खोटा निरोप धाडून लेकीला बोलावून घेतो. चित्रात ती पांढऱ्या कपड्यांत वेदीपाशी बसलेली, पुजाऱ्याच्या हातात सुरी, आणि बाजूला राजा, अंगावरच्या वस्त्राने तोंड झाकून उभा.

“बिचारा बाप,” तुम्ही म्हणालात. “त्याला बघवेना.”

“आणि तिचं काय?”

“पुढे वाच.”

पुढे होतं की ऐन वेळी देवी तिच्या जागी हरिणी ठेवते आणि तिला दूरदेशी उचलून नेते.

“बघ, वाचली ना पोरगी!” तुम्ही इतके खूश झालात की मला हसू आलं.

“पण घरी परत आली का?”

“फार बोलतेस तू,” तुम्ही एकदम खेकसलात. “खलास. ती पॉलिशची बाटली दे.”

आठच दिवसांनी सुट्टी म्हणून आपण दोघं रत्नागिरीला आलो, फुफीकडे. तुमच्या बहिणीच्या कमरेचं हाड मोडलं होतं आणि तिचं करणारं कुणी नव्हतं. पाचव्या दिवशी मी उठले तर तुम्ही निघून गेला होतात. फुफीने माझ्या हातात शाळा सोडल्याचा दाखला ठेवला. त्यावरची तारीख त्या शुक्रवारच्या आधीची होती. म्हणजे मी ती गोष्ट वाचत होते तेव्हा तुम्ही तो काढून आणलेला होता. भाऊ तिकडेच, अल अझीझियाच्या आपल्या फ्लॅटमध्ये राहून शिकला, इंजिनियर झाला. मी अकरा वर्षं फुफीचं केलं. लोक म्हणतात, तुमचा नाइलाज होता. असेलही. पण ‘तुला इथे ठेवून जातोय’ एवढं तोंडावर सांगितलं असतंत, तर मी रडले असते, भांडले असते, आणि बहुधा राहिलेही असते.

हे पत्र कुठेच जाणार नाही, म्हणून एक सांगते. तुम्ही दर शुक्रवारी फोन करायचात. मी समोर बसून खूण करायचे आणि फुफी म्हणायची, “बाहेर गेलीय.” शेवटचा फोन तुम्ही हॉस्पिटलमधून केलात, हे मला ठाऊक होतं. तेव्हाही मी खूण केली. फुफी रिसीव्हरवर हात ठेवून म्हणाली, “अगो, आज तरी बोल.” मी उठून मोरीत गेले आणि भांडी घासायचीत म्हणून नळ मोठा सोडला. भांडी कधीच घासून झाली होती.